कालवा कुणी खणला?

पनामा कालवा आपण सगळेच शाळेत शिकलो. भूगोलाच्या पुस्तकात त्याच्या वाट्याला एखादी ओळ यायची. अटलांटिक आणि पॅसिफिक या दोन महासागरांना जोडणारा कालवा, १९१४ साली सुरू झाला. रिकाम्या जागा भरा, गुण एक. हा कालवा कुणी खणला, असा प्रश्न कधी परीक्षेत आल्याचं मला आठवत नाही. आला असता तर आम्ही ‘अमेरिकेनं’ असं लिहिलं असतं आणि मास्तरांनी गुण दिलाही असता.

आज मला त्या कालव्याविषयी बोलायचं आहे. पण ते पाठ्यपुस्तकातून नाही, घरगुती फोटोंच्या अल्बमांतून. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या ग्रंथालयात पनामा कालव्याचा मोठा संग्रह आहे. कालव्याशी संबंध असलेल्या अमेरिकन कुटुंबांच्या पुढाकारानं पूर्वी त्याच राज्यातल्या सेमिनोल गावी एक संग्रहालय चालत असे. ते २०१२ साली बंद झालं आणि तिथल्या वस्तू, पत्रं, फोटो विद्यापीठाकडे आले. कॅन्सस सिटीच्या लिंडा हॉल लायब्ररीत ए. बी. निकोल्स नावाच्या अभियंत्यानं कालव्याच्या कामावर असताना जमवलेली टिपणं, नकाशे आणि फोटो आहेत. यातलं पुष्कळसं आता घरबसल्या संगणकावर पाहता येतं. रेणापुरात बसून मीही ते पाहिलं. सुरुवात गंमत म्हणून झाली आणि मग त्यातून उठवेना.

हे अल्बम जन्माला कसे आले, ते आधी सांगतो. एकोणिसाव्या शतकात फोटो काढणं म्हणजे मोठा खटाटोप. जड कॅमेरा, तिवई, डोक्यावर काळं कापड, काचेच्या प्लेटा. १८८८ साली जॉर्ज ईस्टमन यांनी कोडॅक नावाचा, हातात धरता येईल असा कॅमेरा बाजारात आणला. १९०० साली त्यांच्याच कंपनीचा ब्राउनी आला. पुठ्ठ्याची साधी पेटी, किंमत एक डॉलर आणि रीळ पंधरा सेंटचं. खटका दाबायचा, रीळ धुवायला द्यायचं. फोटो काढायला फोटोग्राफरच हवा, ही अट संपली. कारकून, शिक्षिका, परिचारिका, अभियंत्याची बायको, कुणीही फोटो काढू लागलं.

पुढच्या चारच वर्षांत, म्हणजे १९०४ च्या मे महिन्यात, अमेरिकेनं पनामातलं काम हाती घेतलं. त्याआधी फ्रेंचांनी तिथे हात पोळून घेतले होते. सुएझ कालवा करणाऱ्या फर्डिनांड द लेसेप्स यांनी १८८१ साली पनामात काम सुरू केलं. १८८९ साली कंपनी बुडाली. तोवर हिवताप आणि पीतज्वरानं सुमारे २२ हजार माणसं गेली असावीत, असा अंदाज आहे. डासांचं आणि या रोगांचं नातं तेव्हा ठाऊक नव्हतं. ते कळलं तेव्हा काम पुन्हा शक्य झालं. क्युबामध्ये कार्लोस फिन्ले आणि वॉल्टर रीड यांनी पीतज्वराचा डास ओळखला. हिवतापाचा डास तर आपल्या शेजारचा. १८९७ साली हैदराबादला लागून असलेल्या सिकंदराबाद छावणीत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. आपलं रेणापूर तेव्हा त्याच हैदराबाद संस्थानात होतं. विल्यम गॉर्गस या डॉक्टरनं पनामात डबकी बुजवली, पाण्यावर तेल ओतलं, घरांना जाळ्या बसवल्या. १९०६ नंतर पीतज्वर तिथून जवळपास हटला. मग अमेरिकेहून हजारो कुटुंबं तिथे राहायला आली आणि त्यांच्या ट्रंकेत कॅमेरेही आले.

आता अल्बम उघडू या. अशा अल्बमांची पानं जाड आणि काळी. फोटो कोपऱ्यांत बसवलेले, खाली पांढऱ्या शाईत बारीक अक्षरं. पहिल्या पानांवर बोटीचा प्रवास. मग कोलोन बंदर, लाकडी घर, घराचा जाळीबंद व्हरांडा, व्हरांड्यात खुर्ची टाकून बसलेली बायको. चर्च, बेसबॉलचा संघ, पाळलेलं माकड, रविवारची सहल. मध्येच रानात वेलींनी गिळलेली फ्रेंचांची गंजकी यंत्रं. ही यंत्रं हौशी मंडळींना फार आवडत.

त्यानंतर येतो कुलेब्रा. डोंगर कापून केलेला हा खंदक सुमारे १४ किलोमीटर लांबीचा. कालव्यातलं सगळ्यांत अवघड काम तेच. डोंगराचे थर पायऱ्यांसारखे कापलेले, प्रत्येक पायरीवर रेल्वेचे रूळ, रुळांवर वाफेवर चालणारी, माती उचलणारी अवजड यंत्रं. एकेका यंत्राचं वजन ९५ टनांपर्यंत. पावसाळ्यात कडे घसरत आणि कित्येक महिन्यांचं खणलेलं एका रात्रीत भरून जाई. १९०७ च्या ऑक्टोबरात कुकराचाची दरड अशीच खाली आली. अल्बमवाल्यांनी हे सगळं मन लावून टिपलं आहे. दरड कुठली, यंत्र कितव्या क्रमांकाचं, खंदक किती खोल गेला, अशा नोंदी फोटोखाली हमखास सापडतात.

याच यंत्रावर बसलेल्या एका माणसाचा फोटो जगभर गाजला. १९०६ च्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट भर पावसाळ्यात पनामाला गेले. पदावर असताना देशाबाहेर जाणारे ते पहिले अमेरिकन अध्यक्ष. पांढरा सूट घालून ते यंत्रावर चढून बसले आणि फोटो निघाला. पुढं १९०७ पासून अर्नेस्ट हॅलन नावाचा सरकारी फोटोग्राफर नेमण्यात आला. त्यानं अनेक वर्षं हजारो फोटो काढले, तारीखवार आणि क्रमवार. अमेरिकेच्या संसदेला आणि जनतेला काम कुठवर आलं हे दाखवायचं होतं. सरकारी फोटोत काय यावं हे आधी ठरलेलं असतं. चौकट नेटकी असते. नको ते बाहेर ठेवलेलं असतं.

हौशी माणसाला हे नीट जमत नाही आणि त्याच्या अल्बमाची खरी किंमत मला इथेच वाटते. त्याला काढायचं असतं यंत्र, पण कडेला टिकाव घेतलेला माणूस अर्धा येतो. त्याला काढायचा असतो आपला मित्र, पण मित्राच्या मागून डोक्यावर पेटी घेतलेल्या माणसांची रांग चाललेली असते. कुणाचे फक्त पाय दिसतात, कुणाची पाठ दिसते. कुणी काम थांबवून थेट कॅमेऱ्याकडे पाहत असतो. फोटोखाली मित्राचं नाव असतं, यंत्राचा क्रमांक असतो. कडेच्या माणसांसाठी एकच शब्द, मजूर. पुष्कळदा तोही नसतो.

ही कडेची माणसं कोण होती? बहुतेक कॅरिबियन समुद्रातल्या बेटांवरची काळी माणसं, गुलामांची नातवंडं-पतवंडं. एकट्या बार्बाडोस बेटावरून सुमारे २० हजार पुरुष कंत्राटावर आणले गेले आणि त्या बेटाची सगळी लोकवस्ती होती दोन लाखांहून कमी. जमैकाचे हजारो लोक पदरचं भाडं भरून आले. स्पेनमधूनही काही हजार मजूर आले. काम ऐन भरात असताना पनामात ४० हजारांहून जास्त माणसं राबत होती आणि त्यांतली बहुसंख्य कॅरिबियन होती.

मजुरीच्या दोन याद्या होत्या. एक सोन्याची, एक चांदीची. अमेरिकन गोऱ्यांना पगार सोन्याच्या नाण्यांत मिळे, काळ्या मजुरांना चांदीच्या. पण गोष्ट नाण्यांपाशी थांबली नाही. पोस्टात दोन खिडक्या, दुकानात दोन दरवाजे, इस्पितळात वेगळे वॉर्ड, राहायला वेगळ्या वस्त्या, पोरांना वेगळ्या शाळा. पाट्यांवर ‘काळे’ आणि ‘गोरे’ असं लिहिलेलं नसे. ‘सोनं’ आणि ‘चांदी’ एवढंच लिहिलेलं असे. हे मराठवाड्यातल्या माणसाला फार समजावून सांगावं लागू नये. आपल्याकडेही पाणवठे वेगळे होते आणि त्यांच्यावर तर पाट्याही नव्हत्या.

चांदीच्या यादीतल्या साध्या मजुराला तासाला दहा सेंट मिळत. दिवस दहा तासांचा. म्हणजे दिवसाची मजुरी एक डॉलर. मघाशी सांगितलेल्या ब्राउनी कॅमेऱ्याची किंमतही एक डॉलर. हा हिशेब करताना मी थबकलो. कॅमेरा स्वस्त झाला, सगळ्यांच्या हाती आला, असं आपण म्हणतो. पण ज्याला त्या एका डॉलरमध्ये जेवायचं, भाड्याचं बघायचं आणि बेटावरच्या आईला पैसे पाठवायचे, त्याच्या हाती तो कसा येणार? एका दिवसाची मजुरी कॅमेऱ्यात घातली तरी पुढे रीळ होतं, धुलाई होती. मजुराला नावाऐवजी पितळेचा एक बिल्ला मिळे, त्यावर क्रमांक. पगाराच्या दिवशी तो बिल्ला दाखवायचा. म्हणजे यंत्रालाही क्रमांक आणि माणसालाही क्रमांक. त्यातला यंत्राचा तेवढा अल्बमात आला.

इस्पितळांच्या नोंदींप्रमाणे अमेरिकेच्या काळात रोगानं आणि अपघातानं ५,६०९ माणसं दगावली. त्यांतली सुमारे ४,५०० कॅरिबियन मजूर होती. कुणाला हिवताप, कुणाला न्यूमोनिया, कुणी रुळाखाली, कुणी सुरुंगात. १९०८ च्या १२ डिसेंबरला बास ओबिस्पो इथे सुरुंगाची दारू वेळेआधीच उडाली आणि वीसहून अधिक माणसं एका क्षणात गेली. एखाद्या अल्बमात सुरुंगाच्या टोळीचा फोटो दिसला की मी त्याच्या तारखेकडे पाहतो. १२ डिसेंबरच्या आधीची आहे की नंतरची?

अल्बमांच्या शेवटच्या पानांवर पाणी येतं. चाग्रेस नदीला गाटून इथे धरण घालून मोठा तलाव केला. जहाजं पाण्याच्या जिन्यानं सुमारे २६ मीटर वर चढतात, या तलावातून जातात आणि पलीकडे पुन्हा उतरतात. क्षेत्रफळ सुमारे ४२५ चौरस किलोमीटर. माणसानं केलेला एवढा मोठा तलाव तोवर जगात नव्हता. त्या पाण्याखाली जुनी गावं गेली, बाजार गेले, जुना रेल्वेमार्ग गेला. काही गावं उठवून दुसरीकडे बसवली. १९१२ साली तर कालव्याच्या पट्ट्यातली वस्तीच हटवायचा हुकूम निघाला. म्हणून या अल्बमांत एखाद्या गावाचा बाजार, एखादं स्टेशन दिसलं तर तो फोटो मोलाचा ठरतो. काढणाऱ्याला तो सहलीचा फोटो होता. आता ते गाव दाखवणारं फार थोडं उरलं आहे.

१९१३ च्या १० ऑक्टोबरला अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी वॉशिंग्टनमध्ये बटण दाबलं आणि गांबोआचा बांध पनामात उडाला. १५ ऑगस्ट १९१४ रोजी अँकॉन हे जहाज कालव्यातून पार झालं. न्यूयॉर्कहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणाऱ्या बोटीचा सुमारे १३ हजार किलोमीटरचा वळसा वाचला. काम संपलं. कुटुंबं हळूहळू परतली. अल्बम ट्रंकेत गेले, ट्रंका माळ्यावर गेल्या.

आणि कडेची माणसं? त्यांतले कित्येक पनामातच राहिले. कुणी क्युबाच्या उसाच्या मळ्यांत गेले, कुणी अमेरिकेत, कुणी घरी. त्यांचे अल्बम नव्हते. पण पन्नास वर्षांनी एक चांगली गोष्ट घडली. १९६३ साली पनामातल्या इस्थमियन हिस्टॉरिकल सोसायटी या इतिहासप्रेमींच्या संस्थेनं एक स्पर्धा जाहीर केली. कालव्याच्या बांधकामावर काम केलेल्या, अमेरिकन नसलेल्या माणसांनी आपली खरी हकीकत लिहून पाठवावी, उत्तम हकिकतींना बक्षीस. वर्तमानपत्रांत जाहिराती गेल्या. शंभराहून अधिक म्हाताऱ्यांनी लिहून पाठवलं. हात थरथरणारे, शाळा थोडीच पाहिलेले, काहींनी तर दुसऱ्याकडून लिहून घेतलेलं. संध्याकाळी ओले झालेले कपडे सकाळपर्यंत वाळत नसत आणि तेच अंगात घालून कामावर जावं लागे, हे त्यांनी लिहिलं. कडू क्विनाईनविषयी लिहिलं. सुरुंगात गेलेल्या सोबत्यांविषयी लिहिलं. आपण या कामावर होतो, याचा अभिमानही लिहिला. ती पत्रं आज वॉशिंग्टनच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जपून ठेवली आहेत आणि पनामा कालव्याचा इतिहास लिहिणाऱ्याला ती टाळून पुढं जाता येत नाही. १९८० साली पनामा शहरात या मजुरांच्या स्मरणार्थ संग्रहालयही झालं. जुन्या कॅरिबियन मजुरांनी बांधलेल्या लाकडी चर्चमध्येच ते आहे.

अल्बम आणि पत्रं शेजारी ठेवली की कालवा पुरता दिसू लागतो. अल्बमात चेहरे आहेत, नावं नाहीत. पत्रांत नावं आहेत, चेहरे नाहीत. कुठला चेहरा कुठल्या नावाचा, हे आता कुणीच सांगू शकणार नाही. पण निदान दोन्ही आहेत. स्पर्धा आणखी वीस वर्षांनी घेतली असती तर लिहिणारं जवळपास कुणी उरलं नसतं.

मित्रहो, ही सातासमुद्रापलीकडची गोष्ट रेणापूरच्या माणसानं का सांगावी, असं तुम्हाला वाटलं असेल. आपली रेणा नदी मांजरेला मिळते. मांजरा पुढं तेलंगणात जाते आणि तिथे तिच्यावर निजामसागर आहे. १९२३ ते १९३१ या काळात, मीर उस्मान अली खान यांच्या राजवटीत, अली नवाज जंग या अभियंत्याच्या देखरेखीखाली ते धरण आणि त्याचा कालवा झाला. अली नवाज जंग यांचा ११ जुलै हा जन्मदिवस तेलंगणात अभियंता दिन म्हणून पाळला जातो. चांगलीच गोष्ट आहे. पण बोधनच्या उसाला पाणी देणारा तो कालवा खणणाऱ्यांचा दिवस कोणता?

फोटो आपल्याकडेही निघाले. राजा दीनदयाळ यांचं नाव तुम्ही ऐकलं असेल. ते मूळचे अभियंते. गंगा कालव्याच्या कामाला माणसं तयार करण्यासाठी रुडकीला १८४७ साली जे कॉलेज निघालं, तिथे ते शिकले. इंदूरला सरकारी बांधकाम खात्यात नोकरी करताना हौस म्हणून फोटो काढू लागले आणि पुढं हौसेचाच व्यवसाय झाला. हैदराबादच्या सहाव्या निजामांनी त्यांना दरबारी फोटोग्राफर नेमलं आणि मुसव्विर जंग हा किताब दिला. मुसव्विर म्हणजे चित्रकार. राजवाडे, शिकारी, मेजवान्या यांचे त्यांचे फोटो प्रसिद्ध आहेत. पण एकोणिसावं शतक संपता संपता जो मोठा दुष्काळ पडला, त्यात निजाम सरकारनं तेव्हाच्या औरंगाबाद भागात काढलेल्या मदतकामांचे फोटोही त्यांच्या स्टुडिओनं काढले. ते फोटो दरबाराच्या कामाची नोंद म्हणून काढलेले. त्यांतली माणसं मराठवाड्याची, आपल्या खापरपणजोबांच्या पिढीची. पनामातल्या मजुरांसारखीच तीही निनावी.

त्यानंतरचे कालवे तर आपल्या डोळ्यांदेखतचे. येलदरी आणि सिद्धेश्वरच्या पूर्णा प्रकल्पाचं पाणी परभणी, हिंगोली, नांदेडच्या शेतात गेलं. जायकवाडीची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी ते धरण देशाला अर्पण केलं. त्याचा डावा कालवा २०८ किलोमीटरचा आणि उजवा १३२ किलोमीटरचा. पायाभरणीचे फोटो आहेत, अर्पणसोहळ्याचे फोटो आहेत. मधल्या अकरा वर्षांतली माणसं कुठं आहेत? मातीवडार, गाडीवडार गाढवं आणि संसार घेऊन कालव्याच्या कडेनं पालं ठोकून राहायचे. कालवा पुढं सरकला की पालं पुढं सरकायची. शेवटचा दगड बसला की ते दुसऱ्या कामावर. त्यांच्या मुलांना विचारा, तुझा जन्म कुठला? ती गावाचं नाव सांगत नाहीत, कामाचं सांगतात.

आणि १९७२ चा दुष्काळ. ज्यांनी पाहिला त्यांच्यापुढे मी काय बोलणार? १९७३ च्या मे महिन्यात महाराष्ट्रात दुष्काळी कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. पनामाच्या शंभरपटीहून जास्त. पाझर तलाव, नालाबांध, कालवे, रस्ते, खडी. या कामांच्या अनुभवातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. १९७७ साली तो मंजूर झाला आणि १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. पंचवीस-तीस वर्षांनी देशानं तोच विचार उचलला. एवढी मोठी गोष्ट ज्यांच्या घामातून निघाली, त्यांच्यात माझी अम्मी होती. मी तेव्हा झोळीत होतो. तलावाच्या कामावर बाभळीला झोळी बांधलेली असे आणि अम्मी टोपलं वाहत असे. लाल मिलोची भाकरी आणि लेकरांना वाटायची सुकडी, हे ती पुष्कळदा सांगायची. पनामाचे फोटो पाहिल्यावर एकदा मी तिला विचारलं, तेव्हा कुणी तुमचा फोटो काढला होता का? ती माझ्याकडं बघतच राहिली. म्हणाली, “फोटू कायका रे? पेट में दाना नै था.”

पण मग तिनं दुसरंच काहीतरी सांगितलं. मजुरी खणलेल्या मातीच्या मापावर मिळायची. खड्डा किती खोल गेला हे मोजायचं कसं? खड्ड्याच्या मधोमध न खणलेल्या मातीचा एक खुंट तसाच ठेवत. मूळ जमीन कुठवर होती, हे तो खुंट सांगायचा. साहेब यायचा, टेप लावायचा, मस्टरवर आकडा पडायचा आणि मग तोही खुंट खणून टाकायचा. काही बाया म्हणे तो पाडताना हळहळायच्या, कारण आठवडाभराचं काम डोळ्यांना दाखवणारं तेवढंच काय ते होतं. मस्टरवर अम्मीचं नाव होतं, पुढं अंगठा होता. पण मस्टर ठेवतात हिशेबासाठी. हिशेब चुकता झाला की त्याला कुणी विचारत नाही.

मी कविता लिहिणारा माणूस. कुणी म्हणेल, मग लिही की कविता. कवितेचा प्रश्न नाही. कवितेत मी ‘ती’ असं लिहीन आणि ‘ती’ म्हणजे पुन्हा निनावीच. इथे हवं आहे नाव, गाव, कामाची जागा, सोबत कोण होतं, मजुरी किती मिळाली. पनामाच्या त्या म्हाताऱ्यांना हेच लिहायला लावलं होतं.

पनामाचं काम १९१४ साली संपलं आणि १९६३ साली त्यांना विचारलं गेलं. मध्ये गेली ४९ वर्षं. आपल्या १९७२ ला पन्नासहून अधिक वर्षं होऊन गेली. तेव्हा वीस-पंचवीस वर्षांचे असलेले आज सत्तरी-ऐंशीत आहेत. ओसरीवर बसलेली असतात, नातवंडं मोबाईलमध्ये असतात. त्याच मोबाईलमध्ये आवाज घेता येतो, फोटो घेता येतो, पैसे लागत नाहीत. एक डॉलरचीही अडचण राहिलेली नाही. विचारायचे प्रश्न साधे आहेत. कुठल्या कामावर होतीस? तिथे जायचं कसं? मुकादम कसा होता? कुणाला लागलं, कुणी दगावलं का? टोपलं उचलायला जोडीला कोण होतं? म्हातारी माणसं पहिल्यांदा म्हणतील, त्यात काय सांगायचं. थोडं थांबायचं. मग सांगतात.

आणखी एक काम आजच होण्यासारखं आहे. घरात जुने फोटो असतील, लग्नातले, जत्रेतले, शाळेतले, तर त्यांच्या मागं पेन्सिलीनं नावं लिहून ठेवा. नवरा-नवरीची तर लिहाच, पण कडेला उभे असलेल्यांचीही लिहा. वाजंत्रीवाल्याचं लिहा, पंगतीला वाढणाऱ्या बाईचं लिहा. पेनाची शाई फुटते, पेन्सिल टिकते.

आपल्या तालुक्यात ठिकठिकाणी पाझर तलाव आहेत. त्यांच्यावर सरकारी पाटी असते, तीत साठवण क्षमता आणि खर्च लिहिलेला असतो. एखाद्या शाळेनं मनावर घेतलं, मुलांना घरोघर पाठवलं, तर त्या तलावावर राबलेल्या माणसांची यादी एका वर्षात होईल. पुरी होणार नाही, काही नावं चुकतील, काही दोनदा येतील. तरी होईल. ती ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावता येईल. आमच्या गावच्या शाळेनं हे काम काढलं, तर पहिलं नाव मी देईन. ते माझ्या अम्मीचं असेल. दुसरं, तिच्या जोडीला टोपल्याला हात लावणाऱ्या शेजारच्या मावशीचं.